वुब्बो "असेल" म्हणाला

वुब्बो "असेल" म्हणाला आणि माझ्या हातातला चमचा बशीवर आपटला. आवाज झाला म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिले. माझ्या तिन्ही मित्रांनी पाहिले नाही. त्यांचे ते न पाहणेच मला आधी खटकले. लायडेनमध्ये, नव्या ऱ्हाइनच्या काठी, पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानाबाहेर आम्ही बसलो होतो. शनिवारचा बाजार भरला होता. मासळीवाल्याच्या गाडीवरून तळणीचा वास येत होता. ऑक्टोबरचे ऊन होते, म्हणजे उजेड होता आणि ऊब नव्हती. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो होतो की हार्लेमचे सरोवर उपसायला चार पंपघरे लागली. जीभ घसरली होती, दुसरे काही नाही. तीन लागली हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. आणि आम्ही चौघे तर डेल्फ्टच्या तंत्रविद्यालयात त्या तीन पंपघरांचे नकाशे बोटे काळी होईपर्यंत गिरवत होतो. वुब्बोने तर पुढे सारा जन्म पंपांतच घालवला. "चार" हा शब्द माझ्या तोंडातून सुटला त्याच क्षणी तो मलाही ऐकू आला आणि मी सवयीने मान आत ओढून घेतली, वरून काही कोसळणार असले की माणूस घेतो तशी. काही कोसळले नाही. वुब्बोने कपात पाहिले, ओठ मिटले, पुन्हा उघडले आणि तो म्हणाला, "हं. असेल."

वुब्बो हा कोण माणूस आहे हे सांगितल्याशिवाय या "असेल"चे वजन कळणार नाही. स्वतःच्या लग्नात, नगरभवनात, नवरी शेजारी उभी असताना त्याने विवाह नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला मध्येच थांबवून खिडकीबाहेरच्या कालव्याचे नाव चुकले असल्याचे सांगितले होते. माझ्या वडिलांच्या शवपेटीपाशी, मी रडत असताना, माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, "एव्हर्ट, पाद्र्यानं पुराचं साल चुकीचं सांगितलं. नंतर बोलतो मी त्याच्याशी." आणि बोलला. एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की ग्रोनिंगेनकडचा तो खरखरीत आवाज टेबलापलीकडून यायचाच, "सिद्ध कर." विद्यालयात तो हे प्राध्यापकांना म्हणायचा, कामावर वरिष्ठांना, घरी मुलांना, दुकानात खाटकाला. आम्हा चौघांची मैत्री याच दोन शब्दांवर उभी होती. बाहेरच्याला वाटेल की आम्ही एकमेकांचे वैरी आहोत. आम्ही कधी एकमेकांचे कौतुक केले नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, वाढदिवसाला बरे शब्द बोललो नाही. आम्ही एकमेकांना चुकू दिले नाही, एवढेच. एखाद्याला चुकू न देणे म्हणजे त्याला जमेत धरणे, ही आमची समजूत होती. आमच्या सगळ्या मुलखाचीच ती समजूत आहे, फक्त वुब्बोमध्ये ती जरा जास्त दाट उतरली होती. आणि तो माणूस माझ्या चार पंपघरांना "असेल" म्हणाला. मी तरीही एक संधी दिली. म्हटले, "चारच. नीट आठवतंय मला." वुब्बोचे कान लाल झाले. लाम्बर्टने घाईघाईने स्वतःच्या बशीतले बिस्किट उचलून माझ्या बशीत ठेवले आणि म्हणाला, "घे रे, मला गोड कमी सांगितलंय." कॉफीबरोबर एक बिस्किट मिळते. एकच. लाम्बर्ट ब्राबांटचा, तिकडचे लोक हात जरा सैल सोडतात हे मान्य. पण इतक्या वर्षांत त्याने मला आपले बिस्किट दिलेले नव्हते, आणि गोड त्याला कोणीही कमी सांगितलेले नव्हते. ते बिस्किट बशीत पडले आणि माझ्या लक्षात आले की मागल्या दिवशी दरवर्षीच्या सहलीसाठी डेल्फ्टहून नावेने निघाल्यापासून असेच काहीतरी चालले आहे.

मी पद्धतशीर माणूस आहे. पूल बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. पूल करकरू लागला की आरडाओरडा करायचा नसतो. एकेक खिळा ठोकून पाहायचा असतो. तसे मी बसल्या जागी ठोकून पाहिले. आमच्यातला चौथा सीत्से; त्याच्या या जुन्या लोखंडी नावेत खिडकीखालचा चांगला बिछाना कोणाला मिळावा यावर दरवर्षी निघण्यापूर्वीच भांडण होते. या वेळी माझी पिशवी आधीच त्यावर ठेवलेली होती. लेइडशेंडामच्या, नावा खालीवर करणाऱ्या जलद्वारात मी दोर चुकीच्या खुंटाला टाकला, नाव तिरकी झाली, मागच्या होडीतला माणूस शिव्या देत सुटला. आमच्या नावेत कोणी चकार शब्द काढला नाही. सीत्सेने येऊन निमूट दोर सोडवला. पत्त्यांत मी जिंकलो. मी पत्त्यांत कधीच जिंकत नाही, कारण कोणते पान पडून गेले हे माझ्या ध्यानात राहत नाही, आणि त्यावरून लाम्बर्ट मला नावे ठेवतो. काल त्याने हातात गुलाम असताना सत्ती टाकली. मी पाहिली होती ती सत्ती. तेव्हा वाटले, म्हातारा झाला. आता कळले, म्हातारा तो नाही झालेला, मला म्हातारा केले आहे. म्हातारासुद्धा नाही. त्याहून वाईट. आणि आणखी एक खिळा होता, जो ठोकायला माझा हात धजत नव्हता: निघाल्यापासून रुलीचे नाव कोणाच्या तोंडून निघाले नव्हते.

रुली माझी बायको. एप्रिलमध्ये गेली. ट्यूलिपच्या बागांवरून पर्यटकांच्या बसगाड्या फिरू लागल्या होत्या आणि आमच्या रस्त्यावर वाहनांची कोंडी झाली होती, म्हणून शववाहिकेला यायला उशीर झाला. त्याचाही मला राग आहे. रुली ड्रेंटेची, वाळूच्या मुलखातली. आवाज चढवायची नाही. मी काही सांगू लागलो की हातातले काम न थांबवता म्हणायची, "नाही, एव्हर्ट. तसं नव्हतं ते." मग कसे होते ते सांगायची. पाहुण्यांसमोर, मुलीच्या सासरच्यांसमोर, डॉक्टरसमोर. मी सांगावे की आम्ही घर घेतले त्या दिवशी पाऊस होता. नाही एव्हर्ट, गारा होत्या, तुझी टोपी भरली होती. मी चिडायचो. तरुणपणी दारे आपटायचो. पण उचलता पूल कसा उचलला जातो हे मला धंद्यामुळे ठाऊक होते. रस्त्याच्या बाजूला जेवढे वजन, जवळपास तेवढेच मागच्या बाजूला टांगलेले असते, म्हणून लहान यंत्रानेही तो उचलला जातो. ते मागचे वजन काढून घ्या. पूल तसाच जागेवर दिसेल, गाड्या जातील, फक्त तो पुन्हा कधी उघडणार नाही. हे मी रुलीला एकदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "नाही, एव्हर्ट. मी तुझ्या मागे टांगलेली नाहीये." शेवटच्या आठवड्यात तिचा पलंग बैठकीच्या खोलीत आणला होता. मी तिच्याजवळ बसून काहीबाही बोलत असायचो. आमच्या पहिल्या घराची दारे हिरवी होती असे काहीतरी म्हणालो. ती निळी होती, मीच रंगवली होती, पण मी थकलो होतो आणि चुकलो. रुलीने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "हो." तेवढेच. डॉक्टरांनी काही सांगण्याच्या कितीतरी आधी मला त्या "हो"मुळे कळले. ज्या दिवशी ती मला "हो" म्हणाली त्या दिवशी ती गेली. नंतर जे झाले ते उरलेले सोपस्कार होते. आणि आता लायडेनच्या बाजारात, तळणीच्या वासात, वुब्बो मला "असेल" म्हणत होता. मी कॉफी तशीच ठेवून उठलो. लाम्बर्टचे बिस्किट पुलावरून पाण्यात टाकले. बदकांनी ते खाल्ले. बदकांचाही राग आला.

कागच्या तळ्यांत शिरलो तेव्हा वारा पडला होता. सुकाणू सीत्सेकडे होते. नाव त्याची, नावेला नाव त्याच्या आईचे, आणि बोलणे कमीत कमी, कारण तो फ्रीसलंडचा आणि तिकडे शब्द हिवाळ्यासाठी साठवून ठेवत असावेत. तो खोटे बोलू शकत नाही. स्वभाव चांगला म्हणून नव्हे. त्याला ते जमतच नाही, जसे मला पत्ते जमत नाहीत. म्हणून मी इतर दोघे खाली बटाटे सोलत असताना त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना सपाट हिरवी कुरणे, त्यांवर गायी, गायींच्या पलीकडे एक लांबट मनोरा; पाणी आणि जमीन यांच्यात रेघ ओढल्याइतकाच फरक. हा देखावा पाहून माझे मन आजवर शांत होत आले आहे. त्या दिवशी त्या शांतपणाचीच चीड आली. सगळे सारखे करून ठेवलेले, कुठे काही वर आलेले नाही, टोचेल असे काही नाही.

"सीत्से," मी म्हटले, "काय ठरवलंय तुम्ही?"

त्याने उत्तर देण्यापूर्वी पाण्यातली, वाट दाखवणारी एक लाकडी खूण डावीकडे टाकली. "या वर्षी तुझ्याशी भांडायचं नाही, असं."

"कुठं ठरलं हे?"

"लाम्बर्टकडं. कॉफी प्यायलो आणि ठरवलं."

"मला न बोलावता?"

"विषय तूच होतास ना."

"वुब्बो हो म्हणाला?"

"आधी नाही म्हणाला. मग लाम्बर्टनं पुन्हा कॉफी केली. मग म्हणाला."

मला ते सगळे दिसले. लाम्बर्टचे स्वयंपाकघर, मेणकापडाचे टेबल, खिडकीतली कुंडी. आमच्याकडे बांध घालायचा असो, झाड तोडायचे असो की माणसाचे काय करायचे हे ठरवायचे असो, लोक असेच टेबलाभोवती बसतात आणि शेवटचा माणूस थकून मान डोलावेपर्यंत उठत नाहीत. मग तो निर्णय सगळ्यांचा होतो आणि कोणाचाच राहत नाही. शेकडो वर्षे आम्ही समुद्राला असेच हरवले. आणि त्याच रीतीने या तिघांनी ठरवले की एव्हर्ट आता इतका मोडला आहे की त्याला खरे सांगणे परवडणार नाही.

"आणि रुली?" मी विचारले. तिचे नाव मलाच आधी घ्यावे लागले, त्याचाही राग आला. "तिचं नाव घ्यायचं नाही, हेही ठरलं?"

"तू काढलंस तर बोलायचं. तू काढत नाहीस."

"मी का काढू? तुम्ही मेलेत का?"

सीत्सेने सुकाणू सरळ केले. मग म्हणाला, "सांगू का त्यांना? बंद करा म्हणून?"

"खबरदार," मी म्हणालो. "एक अक्षर बोलायचं नाही."

सांगून काय होणार होते? मी वुब्बोला विनंती करायची की बाबा रे, माझ्याशी भांड? मग तो पुन्हा कॉफी पिऊन, विचार करून, बेताचे भांडला असता, आजाऱ्याला मोजून रस्सा पाजतात तसा. मागून घेतलेले भांडण मला नको होते. त्याला राहवले नाही पाहिजे. त्याच्या आतली ती चूक सहन न करणारी तार तुटेपर्यंत मी ताणणार होतो, आणि तुटली नाही तर मला कळणार होते की माझ्यापुरता वुब्बोही संपला. हे इतके सरळ होते. उपसून कोरड्या केलेल्या त्या हार्लेमच्या सरोवराभोवतीच्या कालव्यात नाव शिरली. इथे पाणी वर आहे आणि जमीन खाली. नावेच्या खिडकीतून बांधापलीकडच्या घरांची कौले डोळ्यांच्या पातळीला येतात, आणि अंगणात कपडे वाळत घालणारी बाई आपल्याकडे मान वर करून पाहते. मी त्या बाईला हात केला नाही. मला सारखे वाटत होते की एवढे पाणी एका मातीच्या भिंतीने अडवून वर ठेवले आहे आणि खालची माणसे निवांत कपडे वाळत घालत आहेत. हा सभ्यपणा म्हणजे तरी दुसरे काय आहे.

त्या तिनांतले एक, क्रुकिअसचे जुने पंपघर दिसू लागले तसा मी सुरू झालो. तो विटांचा गोल बुरूज, भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी तुळया; वुब्बोचे ते देऊळच. हनीमूनला बायकोला इथे घेऊन आला होता आणि दिवसभर यंत्राशेजारी उभे केले होते तिला. मी म्हणालो, "हे सगळं पवनचक्कीवर चालायचं म्हणे. वाफेचं यंत्र मागाहून बसवलं, नुसतं दाखवायला." लाम्बर्टला ठसका लागला. वुब्बो काचेपाशी उभा होता. त्याच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. मी पुढे म्हणालो, "आणि तसंही वाफेनं पाणी चढत नाही फार. वाऱ्याचंच काम ते." वुब्बोने फडके उचलले, बाहेर गेला आणि पाऊस पडत असताना नावेचा कठडा पुसू लागला. पावसात. तो बराच वेळ तेच करीत राहिला. मला हसू यायला हवे होते. सीत्सेला आलेही असावे, कारण त्याने तोंड फिरवले. पण मी त्या ओल्या, वाकलेल्या पाठीकडे पाहत होतो आणि माझ्या मनात एकच होते: आत ये, माणसा. आत येऊन मला मूर्ख म्हण.

हार्लेममध्ये आम्ही दुपार काढली. स्पार्ने नदीच्या काठाने, मोठ्या चर्चभोवतीच्या गल्ल्यांतून, उघड्यावर मासे विकणाऱ्याकडे उभे राहून कांद्याबरोबर हेरिंग खात, सगळे नेहमीसारखे. नेहमी या गल्ल्यांत आमचा आवाज इतका चढायचा की एकदा वरच्या खिडकीतून कोणीतरी पाणी ओतले होते. आता तिघे माझ्याभोवती कवायतीसारखे चालत होते. "एव्हर्ट, थकलास का?" "इकडून जाऊया, दगड सपाट आहेत." "तुला चालेल ना?" हे शेवटचे लाम्बर्टचे. मी म्हणालो, "तुला काय चालतं ते सांग ना लेका! तुला काही मत आहे की नाही?" तो म्हणाला, "माझं काय, मला काहीही चालतं." ज्या लाम्बर्टने एका चटणीवरून अख्खे हॉटेल डोक्यावर घेतले होते तो हा. नदीवरच्या पवनचक्कीखाली मी थांबलो. चक्की फिरत होती, समोरून पाहताना डावीकडे, जशी आमच्या देशातली प्रत्येक चक्की फिरते. मी बोट दाखवून म्हणालो, "बघा, उजवीकडे फिरतेय. चक्क्या नेहमी उजवीकडेच फिरतात." चक्की डोळ्यांसमोर डावीकडे फिरत होती. तिघांनी वर पाहिले. पात्यांची सावली आमच्या चेहऱ्यांवरून एकेकदा गेली. लाम्बर्ट म्हणाला, "सुंदर फिरतेय, नाही?"

तेव्हा माझा तोल गेला. मी वुब्बोकडे वळलो आणि जे बोललो ते बोलण्याचे ठरवले नव्हते. वुब्बोने ग्रोनिंगेनकडे एक पंपघर उभारले होते. निवृत्तीपूर्वीचे त्याचे शेवटचे काम. चिकणमातीत उभे केलेले, आणि त्याचा पाया हलू नये म्हणून त्याने दोन हिवाळे झोप घेतली नव्हती. बायको तेव्हा माहेरी गेली होती. ते आजही उभे आहे, सरळ, जसे उभे केले तसे. मी म्हणालो, "तुझं ते पंपघर खचलं होतं ना, वुब्बो? कोपऱ्याकडून. सगळ्यांना माहीत होतं, तुला सांगितलं नाही कोणी. वाईट वाटेल म्हणून." त्याचा चेहरा पांढरा पडला. हात खिशातून निघाले. मी वाट पाहिली. खरोखर, एखाद्याने मारण्याची वाट पाहावी तशी. त्याचा जबडा हलला. मग तो माझ्या खांद्यावरून पलीकडे, चक्कीच्याही पलीकडे बघत म्हणाला, "तसं वाटलं असेल लोकांना." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वुब्बोने! तो हात जड होता, ओला होता, आणि त्यात इतकी कीव होती की मी तो झटकून टाकला आणि एकटाच नावेकडे गेलो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. ती यायची तर तिला आधी रागाला बाजूला सारावे लागले असते, आणि राग एवढा होता की त्याच्या मागे काय आहे ते मला दिसतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्पार्नडामला, जलद्वाराच्या अलीकडे, पाऊस धरून बसला. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. लाम्बर्टने सकाळीच सुक्या वाटाण्याचे सूप चढवले होते. थंडी खरी पडण्याआधी ते करू नये असे वुब्बोचे आजवरचे ठाम मत, पण त्याने तेही गिळले. केबिनच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. डुकराचे हाड पातेल्यात खदखदत होते, टेबलावर काळा पाव आणि मोहरी, आणि आम्ही चौघे गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो. खोटे बोलण्याचीही माझी इच्छा संपली होती. कालपासून मी मनात निरोपाची तयारी करीत होतो: घरी जायचे, पुढच्या वर्षी गुडघ्याचे कारण सांगायचे, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही. घरी निळी खुर्ची, रेडिओ, आणि मी जे म्हणेन ते खरे. सूप पुरेसे घट्ट झाले का ते बघायला लाम्बर्टने पातेल्यात चमचा उभा करून पाहिला. तो उभा राहिला. वासाने माझ्या आत काहीतरी सैल पडले आणि मी, कोणाला उद्देशून नव्हे, अगदी प्रामाणिकपणे, जे आठवले ते म्हणालो, "रुली यात गाजर घालायची."

वुब्बोचा चमचा थांबला.

"गाजर?" तो म्हणाला.

"हो. बारीक चिरून. रंग यायचा."

"गाजर!" वुब्बो उभा राहिला, केबिनचे छत बुटके, डोके आपटले, त्याला कळलेही नाही. "रुली? रुली गाजर घालायची? अरे टोणग्या, काय बोलतोयस? रुलीनं जन्मात कधी वाटाण्याच्या सुपात गाजर घातलं नाही!"

"वुब्बो," लाम्बर्ट म्हणाला, "आपलं ठरलंय ना..."

"खड्ड्यात गेलं तुमचं ठरलेलं! गाजर म्हणतोय तो! ती म्हणायची, गाजर घालणारे लोक सूप करत नाहीत, सशाला जेवण करतात! सिद्ध कर! कधी घातलं? कुठं घातलं?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हे मी खोटे म्हणून बोललो नव्हतो. लायडेनपासून मी त्याच्यासमोर जाणूनबुजून एकेक चूक टाकत आलो होतो आणि ही एकच मला खरी वाटत होती. मला डोळ्यांसमोर ते केशरी काप दिसत होते, पाटावर, तिच्या हाताखाली. "मला आठवतंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक लागला.

"तुला काय आठवतंय, तुला पत्ते आठवत नाहीत! या लाम्बर्टच्या घरी, ती मोठी थंडी पडली होती तेव्हा, आपण गोठलेल्या कागवरून स्केटिंग करून आलो. लाम्बर्टच्या बायकोनं गाजर घातलं होतं सुपात. आणि रुलीनं एकेक तुकडा काट्यानं काढून ताटलीच्या कडेला मांडला. ओळीत! बंदरावरच्या खुंटांसारखा!"

"ते खरंय," लाम्बर्ट म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो संतापलाही होता. "ओळीत मांडले आणि मला म्हणाली, 'लाम्बर्ट, ही तुझी माणसं, घेऊन जा.' माझी बायको आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. माझ्याशी! मी काय केलं होतं?"

"एक खाल्ला तिनं," सीत्से म्हणाला. "शेवटी. कोणी बघत नाही असं पाहून."

"खोटं!" वुब्बो गरजला. "एकही नाही खाल्ला!"

"मी शेजारी होतो."

"तू झोपला होतास! तू जेवून नेहमी झोपतोस!"

मी टेबलाची कड धरून बसलो होतो. म्हणजे पाटावरचे ते केशरी काप कोणाचे होते? माझ्या आईचे असतील. माझ्या बहिणीचे. आईचे गाजर मी उचलून रुलीच्या हातात दिले होते, आणि कोणी काही बोलले नसते तर ते तिथेच राहिले असते. पुढच्या वर्षी दारे हिरवी झाली असती, त्यानंतर गारांच्या जागी पाऊस आला असता, आणि हळूहळू निळ्या खुर्चीत बसून मी एक भलतीच बाई तयार केली असती, जी माझ्या प्रत्येक शब्दाला हो म्हणाली असती. वुब्बो मात्र आता थांबण्यातला नव्हता. चार दिवसांचे त्याच्यात साचले होते. तो बोट नाचवत होता आणि त्याच्या बाहीवरून सूप ठिबकत होते. "आणि पंपघरं तीन! तीन, गाढवा, चार नाहीत! आणि क्रुकिअस पहिल्या दिवसापासून वाफेवर! वाफेनं पाणी चढत नाही म्हणे! शरम नाही वाटत? आणि चक्की डावीकडे फिरते, आंधळ्यालाही वाऱ्यावरून कळेल! आणि लेइडशेंडामला दोर टाकलास तो खुंट मालवाहू नावांचा! आणि माझं पंपघर..." इथे त्याचा आवाज फाटला. "माझं पंपघर खचलेलं नाही. केसभरही नाही. दरवर्षी जाऊन ओळंबा लावतो मी. तू काल जे बोललास ना, एव्हर्ट, ते मी तुला माफ करणार नाही."

"करू नकोस," मी म्हणालो.

"नाहीच करणार!" तो खाली बसला. धापा टाकत होता. छताला आपटलेल्या जागी टेंगूळ येत होते. "गाजर," तो पुटपुटला. "काय ती बसली होती त्या दिवशी. लाम्बर्टच्या खिडकीशी, ते पिवळं स्वेटर, आणि पायांत तुझे करडे लोकरी मोजे, गुडघ्यापर्यंत ओढलेले..."

पिवळे स्वेटर म्हणताच ते मला दिसले. खिडकीची गोठलेली काच. भिंतीला टेकलेले स्केट्स, त्यांच्याखाली साचलेले पाणी. ताटली तिच्या मांडीवर होती, टेबलावर नव्हे. कारण तिला टेबलाशी येता येत नव्हते, कारण तिचे पाय जमिनीवर नव्हते. आणि ते पाय मला दिसले, लालभडक, बोटे एकमेकांवर चढवलेली. ते कुठून आले मला माहीत नाही, पण माझा आवाज चढला, आणि मी टेबलावर मूठ आपटली तेव्हा मोहरीची बाटली आडवी झाली.

"नाही, वुब्बो," मी म्हणालो. "तसं नव्हतं ते. मोजे नव्हतेच. पाय उघडे होते. लाम्बर्टच्या बायकोचं कपडे धुवायचं घमेलं होतं, त्यात गरम पाणी, आणि त्यात तिचे पाय."

वुब्बोने तोंड पुसले. माझ्याकडे पाहिले, नीट, डोळे बारीक करून, जसा तो एखाद्या भिंतीकडे पाहतो.

"सिद्ध कर," तो म्हणाला.